नऊ चिठ्ठ्या आणि सर्वांत लहान बेरीज

जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू घ्या आणि तिचे नऊ चौकोनी तुकडे कापा. प्रत्येकावर एकेक अंक लिहा, १ पासून ९ पर्यंत. आता कोडं असं. नवही चिठ्ठ्या वापरायच्या, प्रत्येक एकदाच, आणि शेजारी शेजारी मांडून संख्या करायच्या. किती संख्या करायच्या, एकअंकी की तीनअंकी, ते तुम्ही ठरवा. अट एवढीच की तयार झालेली प्रत्येक संख्या मूळ संख्या असली पाहिजे. मग सगळ्यांची बेरीज करा. ही बेरीज कमीत कमी किती येऊ शकते?

कोडं जुनं आहे, माझं नाही. इंदूरला आमच्या लोकमान्य नगरातल्या घरी एका रविवारी पोहे-जलेबीच्या बश्या उचलल्यावर ते टेबलावर आलं, आणि दुपारच्या जेवणापर्यंत तिथंच राहिलं. भाची सातवीत, माझी आई ऐंशीच्या पुढची, मी मधला. तिघांनी तीन वाटांनी सुरुवात केली आणि तिघांची उत्तरं वेगळी आली. त्या दुपारी जे समजलं ते पायरी-पायरीनं लिहितो आहे. ज्यांना स्वतः झटापट करून पाहायची असेल त्यांनी इथेच थांबावं, चिठ्ठ्या कापाव्यात आणि अर्ध्या तासानं परत यावं. तो अर्धा तास वाया जात नाही.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. महाराष्ट्रातल्या पुस्तकात ‘मूळ संख्या’ म्हणतात, आमच्याकडे हिंदी माध्यमातली मुलं ‘अभाज्य’ म्हणतात, इंग्रजी शाळेतली ‘प्राइम’. तसंच एकक-दशक-शतक म्हणजे इथल्या मुलांचं इकाई-दहाई-सैकडा, आणि आईचं एकं-दहं-शतं. वस्तू एकच. १ पेक्षा मोठी आणि १ व ती स्वतः सोडून कशानंही भाग न जाणारी संख्या म्हणजे मूळ संख्या. आईची व्याख्या मला जास्त आवडली: “जी दुसऱ्या कोणाच्याच पाढ्यात येत नाही ती.”

पाढे पाठ असलेल्यांना या कोड्यात खरोखरच फायदा होतो. १०० च्या आतल्या मूळ संख्या पंचवीस आहेत आणि त्या काढायची जुनी रीत म्हणजे एराटोस्थेनिसची चाळणी. हा इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला, अलेक्झांड्रियाचा ग्रंथपाल. १ ते १०० लिहा, १ खोडा. २ ठेवून त्याच्या पाढ्यातलं पुढचं सगळं खोडा, मग ३, ५ आणि ७ यांचं तेच करा. ७ वर थांबायचं, कारण पुढची मूळ संख्या ११, आणि अकरा अकरं एकशे एकवीस, म्हणजे शंभराच्या बाहेर. चाळणीत उरलं ते मूळ. फसवणाऱ्या संख्या ठरलेल्या आहेत: ५१ (सतरा त्रिक), ५७ (एकोणीस त्रिक), ८७ (एकोणतीस त्रिक) आणि ९१ (तेरा साते). ५७ बद्दल गणितज्ञांमध्ये एक किस्सा सांगतात. ग्रोथेंडिक या विसाव्या शतकातल्या थोर गणितज्ञाला व्याख्यानात कोणीतरी एखादी मूळ संख्या उदाहरणादाखल घ्यायला सांगितली, तर त्यानं ५७ घेतली म्हणे. तेव्हा ८७ ला मूळ समजलात तर फार वाईट वाटून घेऊ नका, पण ती चूक आत्ताच करून मोकळे व्हा. पुढे ८७ नेमकी आडवी येणार आहे.

पहिला प्रयत्न सगळे सारखाच करतात. चिठ्ठ्या सरकवायच्या, जमेल तशा मूळ संख्या बनवायच्या आणि बेरीज पाहायची. भाचीनं मांडलं २९, ८३, ४७, ६१ आणि ५, बेरीज २२५. मी मांडलं ५३, ४१, ६७, ८९ आणि २, बेरीज २५२. आई म्हणाली, “दोघांचेही अंक तेच, नुसते उलटसुलट.” गंमत म्हणून बोलली, पण त्यात अर्थ निघाला.

२२५ च्या अंकांची बेरीज ९. २५२ चीही ९. दोन्ही संख्यांना ९ नं भाग जातो. हा योगायोग नाही. जुन्या मराठी शाळेत ज्याला नवाचा ताळा म्हणत तोच इथे कामाला येतो: कुठल्याही संख्येला ९ नं भागून जी बाकी उरते, तीच तिच्या अंकांच्या बेरजेला ९ नं भागूनही उरते. आपल्या नऊ चिठ्ठ्यांची बेरीज १ + २ + … + ९ = ४५, आणि ४५ ला ९ नं भाग जातो. चिठ्ठ्या कशाही मांडा, एकूण बेरीज ९ च्या पाढ्यातच येणार. म्हणजे फुकटात एक तपासणी मिळाली: २१० किंवा २३१ असं उत्तर आलं तर बेरीज चुकली किंवा एखादी चिठ्ठी टेबलाखाली पडली आहे. आमच्याकडे दोन्ही झालं. जाता जाता आणखी एक गोष्ट कळते. नवही अंक वापरून एकच मोठी नऊअंकी मूळ संख्या करता येत नाही, कारण तिला ९ नं भाग जाणारच.

आता मुख्य पायरी. चिठ्ठ्या सरकवणं थांबवा आणि प्रश्न उलटा विचारा. लहान बेरीज कशी करू, असं विचारू नका. बेरीज मोठी करायला मला कोण भाग पाडतंय, हे विचारा.

अंक म्हणजे भाडेकरू समजा आणि स्थानं म्हणजे मजले. ४ हा एकक मजल्यावर राहिला तर भाडं ४. दशकात गेला तर ४०, म्हणजे ३६ जास्त. शतकात गेला तर ४००. कोणताही अंक एक मजला वर चढला की दहापट भाडं. (वाढ नेहमी ९ च्या पटीत, म्हणून तर ताळा टिकतो.) सगळे तळमजल्यावर राहिले असते तर एकूण भाडं ४५ आणि काम संपलं असतं. पण सगळ्यांना तळमजला मिळत नाही.

कोणाला मिळत नाही? संख्येचा शेवटचा अंक ४, ६ किंवा ८ असेल तर ती सम, आणि २ सोडून कुठलीच सम संख्या मूळ नसते. म्हणजे ४, ६, ८ या तिघांना एकक स्थान कायमचं बंद. एकटे तर राहूच शकत नाहीत, आणि जोडीत राहिले तरी शेवटी बसू शकत नाहीत. त्यांना निदान दशकात तरी जावंच लागणार. बाकी सहाजण, १, २, ३, ५, ७, ९, नशीब बरं असेल तर एककात राहतील.

मग हिशोब सरळ आहे: ४० + ६० + ८० = १८०, आणि १ + २ + ३ + ५ + ७ + ९ = २७. एकूण २०७.

इथे एक क्षण थांबा, कारण बहुतेक लोक इथेच घाई करतात. २०७ हे अजून उत्तर नाही. २०७ हा तळ आहे: याच्या खाली कोणीही जाऊ शकत नाही, कितीही हुशार असला तरी. पण त्या तळाला पाय टेकतो का, हे अजून पाहायचंय. भाचीचं म्हणणं होतं, “मामा, तळ काढला ना, मग झालं की!” झालं नाही. का झालं नाही ते दहावी चिठ्ठी आल्यावर दिसेल.

पाय टेकवायचा असेल तर ४, ६, ८ दशकात आणि इतर सगळे एककात. म्हणजे तीन दोनअंकी संख्या, आणि तीन अंक एकटे.

एकटं कोण राहू शकतं? एकअंकी मूळ संख्या चारच: २, ३, ५, ७. १ ही मूळ संख्या नाही, ९ म्हणजे तीन त्रिक. तेव्हा १ आणि ९ यांना जोडीदार हवाच. उलट २ आणि ५ यांना जोडीदार चालतच नाही, कारण दोनअंकी संख्येच्या शेवटी २ आला की ती सम, ५ आला की पाचाच्या पाढ्यात. म्हणून २ आणि ५ एकटे, हे पक्कं. आता ४, ६, ८ यांच्या मागे बसायला तीन जण हवेत: १, ९, आणि ३ किंवा ७ पैकी एक. दोघांपैकी जो उरेल तो एकटा राहील.

आता तीन रांगा तपासा. चाळिशीत ४१, ४३, ४७ मूळ आहेत, ४९ नाही (सात साते). साठीत ६१ आणि ६७ मूळ आहेत, ६३ आणि ६९ तिनाच्या पाढ्यात. ऐंशीत ८३ आणि ८९ मूळ आहेत, ८१ नाही, आणि ८७ म्हणजे आपली एकोणतीस त्रिक.

नेहमी ज्याला सर्वांत कमी पर्याय आहेत त्याच्यापासून सुरुवात करा. इथे तो ९ आहे. ४९ नाही, ६९ नाही, म्हणजे ९ ला ८ शिवाय कोणी नाही. ८९ ठरली. आता १. तो ४ किंवा ६ च्या मागे बसेल.

१ हा ४ च्या मागे बसला तर ४१, आणि ६ ला ३ किंवा ७ पैकी एक हवा. ६३ चालत नाही, म्हणून ६७. उरला ३. मांडणी: २, ३, ५, ४१, ६७, ८९.

१ हा ६ च्या मागे बसला तर ६१, आणि ४ ला ३ किंवा ७ दोन्ही चालतात. ४३ घेतली तर ७ उरतो: २, ५, ७, ४३, ६१, ८९. ४७ घेतली तर ३ उरतो: २, ३, ५, ४७, ६१, ८९.

तिन्हींची बेरीज करून पाहा, २०७. आणि ताळा: २ + ० + ७ = ९. बरोबर.

म्हणजे उत्तर २०७, आणि ते बरोबर तीन मांडण्यांनी मिळतं, चौथी नाही. ‘चौथी नाही’ हे मला या कोड्यात सर्वांत सुंदर वाटतं. आपण नशिबानं तीन शोधल्या असं नाही. प्रत्येक वळणावर किती वाटा आहेत ते मोजलं आणि एकही वाट सोडली नाही. संगणकाला सगळ्या शक्यता तपासायला लावलं असतं तर हेच उत्तर आलं असतं, पण मग ९ आणि ८ यांची जोडी अटळ का, ते कळलं नसतं.

तरी शेजारच्या काकांनी चौथी मांडणी आणलीच: १, २, ५, ४३, ६७, ८९. बेरीज २०७, ताळा बरोबर. अडचण फक्त १ ची. काका अडून बसले की त्यांच्या वेळी १ ला मूळ संख्या म्हणत. हे हसण्यावारी नेऊ नका, एकेकाळी खरंच तसं धरत. १७४२ साली गोल्डबाख या गणितज्ञानं ऑयलर या दुसऱ्या थोर गणितज्ञाला लिहिलेल्या ज्या पत्रातून त्याचं प्रसिद्ध अनुमान (२ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, हे) आलं, त्यात १ ला मूळच धरलं होतं. १९१४ साली लेमर या गणितज्ञानं मूळ संख्यांची मोठी यादी छापली, तिचीही सुरुवात १ नं होते. पुढे १ ला बाहेर काढलं, त्याचं कारण सोयीचं आहे. १२ चे मूळ अवयव २ × २ × ३, एवढी एकच रीत असावी. १ ला मूळ म्हटलं तर १ × २ × २ × ३, १ × १ × २ × २ × ३ अशा हव्या तेवढ्या रीती होतात. तेव्हा काकांची मांडणी १९१४ च्या यादीप्रमाणे बरोबर, आजच्या नियमानं बाद. काकांनी अर्धं मान्य केलं.

घरात लहान मुलं असतील तर नऊ चिठ्ठ्या एकदम देऊ नका. १ ते ५ द्या. तिथे फक्त ४ ला वर जावं लागतं, तळ ४० + ११ = ५१, आणि ४१, २, ३, ५ हे एकच उत्तर. दहा मिनिटांत जमतं आणि मूल खूश होतं. मग ६ ची चिठ्ठी वाढवा. तळ १११. आता ४१ घेण्याचा मोह होतो, कारण आधी ती चालली होती, पण मग ६ ला फक्त ३ उरतो आणि ६३ बाद. ४१ सोडावी लागते: ४३, ६१, २, ५. पहिल्यांदा उपयोगी पडलेली गोष्ट दुसऱ्यांदा टाकून देणं मुलांना जड जातं. मोठ्यांनाही जातं, हे मी स्वतःकडे पाहून सांगतो. ७ पर्यंत गेलात तर तळ ११८ आणि तीन उत्तरं. ८ पर्यंत तळ १९८ आणि दोन. ती काढायला ठेवतो; ८ ला तिथे ८३ शिवाय गती नाही, एवढं सांगून ठेवतो.

आता दहावी चिठ्ठी. भाचीनं विचारलं, “शून्याला का नाही घेतलं?” मी म्हटलं, शून्याचं भाडं शून्य, काय फरक पडणार? फार पडतो.

शून्य एककात बसला तर संख्या दहाच्या पाढ्यात. संख्येच्या सुरुवातीला तो बसत नाही. म्हणजे त्याला मधलीच जागा हवी, आणि त्याच्या डोक्यावर कोणीतरी निदान शतकात हवं. शून्य स्वतः फुकट राहतो, पण दुसऱ्या कोणाला तरी शतकाचं भाडं भरायला लावतो. (शून्य शतकात बसवला तर डोक्यावर हजार येतो. तो विचार सोडून द्या.)

सर्वांत स्वस्त कोण? १. आणि १०३, १०७, १०९ तिन्ही मूळ! तळ होतो १०० + १८० + २ + ३ + ५ + ७ + ९ = ३०६. आम्ही पाऊण तास ३०६ च्या मागे होतो. मिळत नाही, आणि कारण साधं आहे. एकापेक्षा जास्त अंकांच्या मूळ संख्येचा शेवट १, ३, ७ किंवा ९ यांतच होतो, म्हणजे शेवटी बसायला चारच उमेदवार. ४, ६, ८ यांना दशकात ठेवायचं तर तीन वेगळ्या संख्या, आणि शून्याची चौथी. चार संख्यांना चारही शेवट लागतात. त्यातला १ आपण वर शतकात पाठवला, मग एक संख्या शेवटाविना राहते. ३, ७, ९ यांना वर पाठवलं तरी तेच.

मग शतकात जाऊ शकतात ते फक्त २ किंवा ५, कारण त्यांची शेवटी गरज नाही. २ ला पाठवू: २०० + १८० + १ + ३ + ५ + ७ + ९ = ४०५. ९ च्या पाढ्यात आहे, शेवट पुरतात, सगळं जुळतंय. आता फक्त दोनशे एक, तीन, सात, नऊ यांपैकी एक मूळ हवी. २०१ = ३ × ६७. २०३ = ७ × २९. २०७ = ९ × २३. २०९ = ११ × १९.

एकही नाही. १९९ नंतरची मूळ संख्या थेट २११. दोनशेच्या सुरुवातीला खड्डा आहे आणि आपला तळ नेमका त्याच खड्ड्यात पडला. तळ काढला म्हणजे झालं नाही, असं मघाशी म्हटलं ते याचसाठी.

५ ला शतकात पाठवलं तर बेरीज किमान ७०२. आणि ४, ६, ८ पैकीच कोणाला तरी शतकात पाठवलं तर? स्वस्त ४: ४०० + ६० + ८० + २७ = ५६७. ७०२ पेक्षा हे बरं. शिवाय आता लांब संख्या तीनच, त्यामुळे शेवटांची टंचाईही नाही. शून्य ४ च्या खाली बसतो, म्हणजे चारशे एक, तीन, सात किंवा नऊ. ४०३ = १३ × ३१, ४०७ = ११ × ३७, दोन्ही बाद. ४०१ आणि ४०९ साठी १९ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागतं, कारण १९ चा वर्ग ३६१ आणि २३ चा ५२९. कशानंच भाग जात नाही. दोन्ही मूळ.

४०१ घेतली तर ९ साठी पुन्हा ८९ शिवाय जागा नाही, ६ ला ६७, उरले २, ३, ५. ४०९ घेतली तर १ ला ६१ (८१ बाद), ८ ला ८३ (८७ पुन्हा आडवी), उरले २, ५, ७.

४०१ + ६७ + ८९ + २ + ३ + ५ = ५६७. ४०९ + ६१ + ८३ + २ + ५ + ७ = ५६७. दोनच मांडण्या. भाचीनं ताळा केला: पाच, सहा, सात, अठरा, एक आणि आठ, नऊ. मग तिनं चिठ्ठ्या आगपेटीत भरल्या आणि ५६७ मध्ये अंक ओळीनं आले आहेत, हे आम्हा दोघांना न दिसलेलं सांगून पानं घ्यायला निघून गेली.